सत्तावीस नंबरचं पान

जिन्यात कोल्हापुरी चपलांचा तो सावकाश आवाज आला, की आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या आया आपापली पोरं आत ओढून दार लावून घ्यायच्या. बाई काही मारकुट्या नव्हत्या हो. वीस वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. पण त्यांच्या काखेत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा, आणि समोरचं माणूस नेमकं कुठवर आलंय हे उघडं पाडायची सगळी सोय त्या डब्यात होती. आपण कुठवर आलोय हे कोणाला कळून घ्यायचं असतं? मी तर पहिल्यापासूनच घाबरट. आजही रविवारी सकाळी दहाचा सुमार झाला की माझं लक्ष घड्याळाकडे जातं.

बाई म्हणजे डोंबिवलीच्या अध्यापक विद्यालयात आम्हाला बालमानसशास्त्र शिकवायच्या त्या. मी तिथे अठराव्या वर्षी गेलेले आणि माझा हजेरी नंबर सत्तावीस होता. बाई कोणालाच नावाने हाक मारायच्या नाहीत. “नाव आईवडिलांनी ठेवलेलं असतं, त्यात तू कुठे आहेस?” असं म्हणायच्या. मग नंबरात तरी मी कुठे आहे, असं उलट विचारायची आमच्यापैकी एकीचीही छाती झाली नाही. लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरात आले, तिसऱ्याच दिवशी दळण घेऊन जिना चढत होते, तर वरून आवाज आला, “सत्तावीस, पोक काढून चालू नकोस.” डबा हातातून पडायचाच बाकी होता. निवृत्तीनंतर बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोब्बर वर, तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ वारलेला, आणि त्याचा मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहायचा.

उंच, काटकुळ्या, फिक्या काठाची सुती साडी, आणि अंबाड्यात आडवी खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल देवळात गेल्या तरी असायची. बोलता बोलता उजवा हात मानेमागे जायचा, पेन्सिल निघायची, आणि समोरच्याने जे म्हटलं ते जसंच्या तसं वहीत उतरायचं. डब्यात दोन सारखे काचेचे पेले, एक पसरट काचेची वाटी, दहा लाल बटणं, चौकडीचा एक हातरुमाल आणि एक लाकडी चिमणी. बस, एवढंच. एवढ्यावर त्यांनी डोंबिवली, कल्याण आणि ठाणे मिळून किती पोरं तपासली असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

आमच्या सेक्रेटरींचा धाकटा पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बाईंनी त्याच्यासमोर दोन्ही पेले सारखे भरले. मग एका पेल्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि विचारलं, “आता कशात जास्त आहे रे?” पोरगा म्हणाला, “पेल्यात!” सेक्रेटरी उखडले, “अरे गाढवा, सांडलं का एक थेंब तरी? सारखंच आहे ना!”

“त्याला चूक म्हणायचं नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्याच्या वयाला ते तसंच दिसतं. चूक म्हटलंत तर तो पुढच्या वेळी तुम्हाला हवं ते बोलेल, त्याला दिसतं ते नाही. फक्त विचारायचं, का?”

“का?” सेक्रेटरींनी नाइलाजाने विचारलं.

“कारण तो उंच आहे,” पोरगा म्हणाला.

बाईंनी ते उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘अजून नाही.’ नापास हा शब्द त्यांच्या वहीत कुठेच नव्हता. एक तर ‘आलं’, नाही तर ‘अजून नाही’. दोन वर्षांनी त्याच पोराने पाणी ओतायच्या आधीच “सारखंच राहणार, काय बाई तुम्ही पण!” असं तोंड वेंगाडलं, तेव्हा सेक्रेटरींपेक्षा बाईच जास्त खूश झाल्या होत्या.

वहीचा आणखी एक नियम होता. वही सगळ्यांची, पण आपलं पान आपण वाचायचं नाही. आणि पानं फक्त पोरांची नव्हती बरं का. बाईंच्या मते माणूस मोठा होतो म्हणजे येऊन पोचतो, हा मोठ्या माणसांनी करून घेतलेला गैरसमज आहे. प्रत्येक वयाला एकेक प्रश्न असतो आणि तो सोडवल्याशिवाय पुढे गेलं तर तो प्रश्न मागून चालत येतो, असं त्या सांगायच्या. तान्ह्या मुलाचा प्रश्न, ही बाई गेली ती परत येईल का? दोन वर्षांच्याचा, माझं मी करू का? शाळेतल्याचा, मला जमेल का? सोळाव्या वर्षी, मी कोण? पंचविशीत, माझं कोणी आहे का? हे ऐकून सेक्रेटरींनी गमतीने विचारलं, “आणि माझा काय ओ बाई? पंचेचाळिशीचा?”

“तुमचा? पार्किंग सोडून मी कोणासाठी काही करून ठेवतोय का?”

सेक्रेटरी महिनाभर मागच्या गेटने ये-जा करत होते.

“आणि तुमचा?” एकदा मी धीर करून विचारलेलं. बाईंनी पेन्सिल बाहेर काढली नाही. “माझ्या वयाचा प्रश्न सोपा आहे,” त्या म्हणाल्या. “झालं ते ठीक झालं का? एवढंच. फक्त उत्तर द्यायला डोकं जागेवर हवं.” तेव्हा मला त्या वाक्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

माझ्या मनूने मात्र माझा जीव काढला. अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. आई नाही, बाबा नाही, नुसतं बोट दाखवायची. मी स्वतः बालवाडीची शिक्षिका, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची बडबड ऐकायची आणि घरी येऊन त्या मुक्या पोरीकडे बघत बसायचं. सासूबाई देवापुढे बसायच्या, शेजारीण मोबाइलमधले व्हिडिओ दाखवायची. मी संडासात जाऊन रडायचे. बाईंनी मला आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मग मोठ्या दवाखान्यात. सगळं व्यवस्थित निघालं. त्यानंतर त्या रोज दुपारी डबा घेऊन खाली यायच्या, मनूसमोर बसायच्या, चिमणी रुमालाखाली लपवायच्या आणि मनूने रुमाल ओढला की हसायच्या. रोज. वर्षभर. मी कधी कळवळून विचारलं की म्हणायच्या, “अजून नाही, सत्तावीस. अजून नाही म्हणजे नाही असं नव्हे.”

एके दुपारी मनूने रुमाल ओढला, खाली चिमणी नव्हती, बाईंनी ती मुद्दाम पदराखाली धरलेली. पोरीने इकडेतिकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “बाई, चिमणी कुठेय?” अहो, पहिला शब्द नाही, पहिलं वाक्य! मी कणकेच्या हातांनी बाईंना मिठी मारली. त्यांच्या साडीवर कणीक लागली, ती त्यांनी तशीच राहू दिली. त्या दिवशी त्यांनी वही उघडली, एकच शब्द लिहिला, आणि पेन्सिल अंबाड्यात उलटी खोचली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे मी जे केलं ते अशा बाईंच्या बाबतीत केलं हे कळावं.

मनू सहा वर्षांची असताना बाईंनी मला वर बोलावलं. चहा त्यांनीच केला. चहात मीठ होतं. मी घोटभर प्यायले आणि काही बोलले नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. “मीठ आहे ना?” त्या म्हणाल्या. “मुद्दाम घातलं. तू खरं बोलतेस का ते बघत होते.” मग जराशा हसल्या. “नाही. मुद्दाम नाही घातलं.”

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे, गोळ्या आहेत, पण हे पुढे जाणार, असं सांगितलेलं. बाईंनी हे मला फळ्यावर लिहून शिकवावं तसं सांगितलं. “येताना जे शेवटी येतं ते जाताना आधी जातं. आधी हिशेब, बेत, ‘जर असं झालं तर’ हे सगळं. मग पाणी. मग बटणं मोजणं. शेवटी रुमाल. रुमालाखालची चिमणी मला शोधावीशी वाटली नाही, की समज मी पाळण्यात आले.” मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बाई मात्र बोटांवर मोजून दाखवत होत्या.

त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. कल्याणच्या पुढे, नदीच्या बाजूला, दोन निवृत्त नर्स मिळून एक छोटा आश्रम चालवायच्या. बाई तिथे जाऊन आलेल्या. खोली बघून ठेवलेली, खिडकीबाहेर जांभळाचं झाड. पण त्या नर्सबाईंची एक अट होती. येणाऱ्याने स्वतः यायचं आणि ‘मला इथे राहायचंय’ हे स्वतःच्या तोंडाने, समजून म्हणायचं. कोणी आणून टाकलेलं माणूस त्या घेत नव्हत्या.

“नाही तर मग भाचा नेईल,” बाई म्हणाल्या. “मुलगा चांगला आहे तो. पण एकोणिसावा मजला. लिफ्टमध्ये माणसाला आपण वर चाललोय की खाली ते कळत नाही. ज्याला ते कळेनासं होणारच आहे, त्याला तरी तिथे ठेवू नये.” आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “मला त्या घराची फार भीती वाटते गं.”

माझं काम साधं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी त्यांची परीक्षा घ्यायची. डॉक्टर वर्षातून दोनदा बघतात, तू रोज बघतेस, असं त्यांचं म्हणणं. उत्तर जसंच्या तसं लिहायचं, चूक म्हणायचं नाही, का विचारायचं. “पण ज्या दिवशी मी पेल्यात जास्त म्हणेन, त्या दिवशी नियम मोडायचा. माझ्या तोंडावर सांगायचं, बाई, चुकलात. मी त्याच आठवड्यात बॅग भरीन. वचन दे.”

मी वचन दिलं. काय करणार होते?

पहिले आठ-नऊ रविवार बरे गेले. कधी वाण्याचा हिशेब सांगताना अडखळायच्या, कधी वार चुकायच्या, पण पाणी पक्कं होतं. “सारखंच. का? कारण तू त्यात काही घातलं नाहीस आणि काढलंही नाहीस,” असं त्या विद्यार्थिनीसारखं ताठ बसून म्हणायच्या. मी सुटकेचा श्वास टाकून खाली यायचे आणि पोहे करायला घ्यायचे.

मग तो जूनचा रविवार. मी पाणी वाटीत ओतलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग पेल्याकडे बोट करून म्हणाल्या, “यात जास्त आहे.”

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा. त्या हसल्या नाहीत.

“का, बाई?”

“का काय? हा उंच आहे. दिसत नाही तुला?”

सेक्रेटरींच्या पोराचं वाक्य. तेच, तसंच. बाई माझ्याकडे बघत होत्या, चेहरा अगदी निर्धास्त, बरोबर उत्तर दिलेल्या मुलाचा असतो तसा. फक्त तोंड उघडायचं होतं. बाई, चुकलात. दोन शब्द. मी खाली मान घातली आणि वहीच्या शेवटच्या पानांत, जिथे त्यांच्या परीक्षा लिहायचे, तिथे लिहिलं, ‘सारखंच.’

“झालं?”

“झालं, बाई.”

“ठीक?”

“ठीक.”

खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग सांगून टाक ना. त्यांनीच सांगितलंय ना तुला?” मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, “मी कशाला? वचन तू दिलंस.” बरोबरच होतं त्याचं. मी स्वतःला बजावलं, एखादा दिवस वाईट असतो माणसाचा. पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यातही पेल्यातच जास्त होतं. मी पुन्हा ‘सारखंच’ लिहिलं. तिसऱ्या महिन्यात तर मी बाईंच्या उत्तराची वाटही बघितली नाही, आधीच लिहून टाकलं.

त्यानंतर माझी जी अवस्था झाली ती वैऱ्यावरही येऊ नये. जिन्यात उभी राहून गॅसचा वास घ्यायचे. साखर मागायच्या निमित्ताने वर जाऊन शेगडीचं बटण बघून यायचे. त्यांच्या किल्लीची दुसरी किल्ली करून घेतली. त्या चुकीचं बोलल्या की चारचौघांत मी पटकन सावरून घ्यायचे, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. बाईंना वाचवतेय असं मला वाटायचं. खरं तर मी स्वतःला वाचवत होते. बाईंना तोंडावर सांगायचं म्हणजे त्यांच्याविना जिना, त्यांच्याविना दुपार, आणि त्यांच्या डोळ्यांत ते कळल्याचं बघायचं. ते मला बघायचं नव्हतं, झालं.

आणि मनू. मनूच्या शाळेतून तिला साडेबाराला आणायचं काम पहिल्यापासून बाईंचं. माझी बालवाडी दीडला सुटायची. मला कळत होतं की आता हे थांबवायला हवं. पण थांबवलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, का? आणि त्या ‘का’ला माझ्याकडे एकच उत्तर होतं. म्हणून मी थांबवलं नाही. माझ्या एकुलत्या एका पोरीला मी रोज त्यांच्या हाती दिली, केवळ त्यांनी का विचारू नये म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी पावणेदोनला घरी आले तर कुलूप. वर गेले, वर कुलूप. दुसऱ्या किल्लीने उघडलं. बाईंचा फोन टीव्हीवर पडलेला. शाळेत धावत गेले. वॉचमन म्हणाला, “त्या उंच बाई ना? कधीच घेऊन गेल्या की.” नवरा ऑफिसातून स्कूटरवर निघाला, भाचा त्याच्या गाडीने. मी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला कुठे जायचं तेच सांगता येईना. “मॅडम, किधर?” “आगे, आगे लो.” प्रत्येक फुटपाथवर लाल दप्तर शोधत होते. डोक्यात काय काय येत होतं ते नाही सांगत. देवाला काय बोलले तेही नाही सांगत. सव्वाचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचा वॉचमन बोलत होता. मनूने त्याला माझा नंबर तोंडपाठ सांगितला होता.

बाळकुम गाव होतं तेव्हा बाईंची पहिली नोकरी तिथल्या शाळेत होती. त्या शाळेत जायला निघाल्या होत्या. रिक्षातून उतरल्या तर शाळेच्या जागी टॉवर. मी पोचले तेव्हा दोघी गेटजवळच्या कट्ट्यावर बसलेल्या. बाईंचा अंबाडा सुटलेला. मनूने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

“आई, मी त्यांना घर सांगत होते, त्या ऐकतच नव्हत्या,” मनू म्हणाली. “मग त्या रडायला लागल्या. मग मी चिमणीचा खेळ खेळले. चिमणी नव्हती, खोडरबर लपवलं.”

“सापडलं त्यांना?”

“पहिल्यांदा सापडलं. मग त्यांनी शोधलंच नाही.”

मी पोरीला उराशी धरलं.

भाचा संतापला, आणि त्याने संतापायलाच हवं होतं. “ताई, तुम्ही दर महिन्याला टेस्ट घेत होता ना? वहीत तर सगळीकडे ‘सारखंच’ लिहिलंय. मग हे एकदम झालं कसं?” मी गप्प बसले. तिथेही गप्पच. दोन दिवसांनी मी त्याला हातापाया पडून एकदा कल्याणच्या आश्रमात यायला लावलं. नर्सबाईंनी बाईंना ओळखलं, खुर्ची दिली, खिडकी उघडली. जांभूळ होतं तिथेच. “बाई, इथे राहायचंय ना तुम्हाला?” बाईंनी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ही म्हणेल तसं.”

नर्सबाईंनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सहा महिने आधी आणायला हवं होतं हो.”

पुढच्या आठवड्यात बाई एकोणिसाव्या मजल्यावर गेल्या. मी सोबत होते. लिफ्ट सुरू झाली तशी त्यांनी माझा दंड पकडला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. नंतर बोटांचे वण दिसत होते. भाच्याने काही कमी केलं नाही, दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बाया ठेवल्या, खिडक्यांना जाळ्या लावल्या, दाराला आतून कुलूप केलं. विंचरायला त्रास होतो म्हणून बायांनी केस बारीक कापले. मी दर रविवारी जाते. हळूहळू बोलणं थांबलं. मी निघायला लागले की मात्र त्या दाराकडे बघत राहतात, आणि मला ठाऊक आहे तो कितव्या वर्षाचा प्रश्न आहे.

मागच्या महिन्यात भाच्याने वर्तकनगरचं घर रिकामं केलं आणि डबा नि वही मला आणून दिली. “तुमचंच आहे हे, ताई,” म्हणाला. वही आठ दिवस तशीच पडून होती. आपलं पान आपण वाचायचं नाही. पण मोडायचा एखादा नियम मी आता शिल्लक ठेवला होता का? शनिवारी दुपारी मनू खेळायला गेल्यावर माझं पान उघडलं. ‘सत्तावीस’. वर अठराव्या वर्षापासूनच्या नोंदी, बारीक, सुबक. त्या नाही सांगत. खालच्या चार त्या जूनपासूनच्या होत्या.

‘सत्तावीसने आज चुकीचं लिहिलं. मी पेल्यात जास्त म्हणाले होते, संध्याकाळी आठवलं, म्हणून माझं पान उघडून बघितलं. का? भीती. रागावायचं नाही. तिने आपण होऊन सांगायला हवं. अजून नाही.’

‘आजही सारखंच लिहिलं. मान वर केली नाही. घाई केली तर खोटं पक्कं होईल. वाट पाहू. अजून नाही.’

‘आज मीच विचारणार होते. विचारलं नाही. का? मलाही भीती. ती सांगेल. अजून नाही.’

चौथी नोंद वाकडीतिकडी, ओळ सोडून खाली घसरलेली. ‘सत्तावीस चांगली मुलगी. अजून नाही.’

म्हणजे बाईंना माहीत होतं. बॅग भरायला वेळ होता, जांभळाची खोली रिकामी होती, आणि बाई थांबल्या होत्या. माझ्यासाठी. मनूसाठी वर्षभर थांबल्या तशाच. त्यांना वाटलं, येईल, हिलाही येईल. आणि मी आलेच नाही वेळेवर. मी त्या वहीवर डोकं ठेवून ओरडून रडले, खालच्या मजल्यावरची शेजारीण काय झालं बघायला आली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. डबा घेऊन गेले. बायांना म्हटलं, तुम्ही जरा आत बसा. बाई खुर्चीत होत्या, नजर कुठेतरी जाळीकडे. मी दोन पेले भरले, एकातलं पाणी वाटीत ओतलं, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्ही पेल्यात जास्त म्हणाला होता. चुकलात तुम्ही. पाणी सारखंच होतं. आणि मी तुम्हाला ते सांगितलं नाही. मी खोटं लिहिलं.”

खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग बाईंची मान हळूहळू माझ्याकडे वळली. गेले दोन महिने ज्या तोंडातून शब्द आला नव्हता, ते उघडलं.

“का?”

आणि त्यांचा उजवा हात वर गेला, मानेमागे, जिथे आता अंबाडा नव्हता, आणि तिथे पेन्सिल शोधत राहिला.